'शिरेस': तारेतून आलेला शब्द

शिरूर-दौंडकडच्या गावांत एखाद्या जुन्या माणसाला 'सिरीयस' म्हणजे काय असे विचारून पाहा. तो अर्थ सांगत नाही, "कोण शिरेस आहे?" असे घाबरून उलट विचारतो. त्याच्या लेखी हे विशेषण नाही, बातमी आहे.

इंग्रजीत या शब्दाचा संसार मोठा. चेहरा, चर्चा, गुन्हा, दुखणे, काहीही सिरीयस असते. आपला 'गंभीर'ही तसाच ऐसपैस. संस्कृतात तो मुळी खोल पाण्याचा शब्द. 'त्यांचं जास्त आहे', 'दुखणं विकोपाला गेलं' असे घरचे शब्दही होतेच. तरी बोलीने परका शब्द घेतला आणि त्याचा एकच अर्थ ठेवला: माणूस आता वाचत नाही.

हे काम, माझ्या मते, तारेने केले. तारेचे पैसे शब्दांवर. 'फादर सिरीयस स्टार्ट इमिजिएटली' या चार शब्दांत सगळा निरोप बसे. दौंड रेल्वेचे जंक्शन, तिथेच राज्य राखीव पोलीस दलाचे गट. घोडनदीकडची माणसे मुंबईला, फौजेत. रजा मागायला हातात कागद लागे. माणूस गेलेला असला तरी तारेत पुष्कळदा 'सिरीयस'च घालत, कारण येणाऱ्याला रात्रभराचा प्रवास एकट्याने करायचा असे. वाचणाराही ते ओळखून असे. आमच्याकडे एकदा तार आली, तेव्हा ती वाचून घेण्याआधीच आजीने हंबरडा फोडला. तार मामाला नोकरी लागल्याची होती.

२०१३ च्या जुलैत तार बंद झाली. अर्थ मागे राहिला, आणि आता तो दवाखान्यात घोटाळा करतो.

माझे चुलते अतिदक्षता विभागात होते. डॉक्टर म्हणाले, "सिरीयस आहेत, पण स्टेबल आहेत." म्हणजे प्रकृती नाजूक, पण सध्या आणखी बिघडत नाही. थोरल्या चुलतभावाने पहिला शब्द धरला आणि पाहुण्यांना फोन लावायला घेतले. धाकट्याने दुसरा धरला; 'बरे आहेत' म्हणत तो उसाच्या तोडीसाठी गावाकडे निघालाही.

मी पुन्हा आत गेलो. म्हटले, "साहेब, आज रात्री काय होऊ शकतं, तेवढं मराठीत सांगा." ते म्हणाले, "रक्तदाब औषधाच्या जोरावर धरलाय. सकाळपर्यंत औषध कमी करता आलं तर आशा आहे. कुणीतरी इथंच थांबा."

धाकट्याला मी न्हावऱ्यातून माघारी बोलावले.