टेन्शनरचं टेन्शन

खडखड... खडखड... खडखड...

कर्वे रोडच्या सिग्नलला बाइक न्यूट्रलमध्ये उभी केली की इंजिनाच्या डाव्या बाजूनं हा आवाज यायचा. जणू डब्यात फुटाणे घालून कुणी हलवतंय. शेजारचा बाइकवाला एकदा माझ्या इंजिनाकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. एकदम कॉम्प्लेक्सच यायचा, बॉस!

गॅरेजमध्ये निदान व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ‘टेन्शनर गेलाय.’ बदलला. गाडी मुकी झाली. पाच महिन्यांनी पुन्हा खडखड. ‘डुप्लिकेट पार्ट आला असेल’ म्हणून या वेळी ओरिजिनल टाकला. तो टिकला दोन महिने. मग तिसरा.

हे प्रकरण आहे तरी काय? फोर-स्ट्रोक इंजिनातले व्हॉल्व्ह उघडतो कॅम, आणि त्या कॅमला खालच्या क्रँकवरून फिरवते टायमिंग चेन. क्रँकच्या दोन फेऱ्या, कॅमची एक. हा हिशेब चुकून चालत नाही. चेन ढिली पडू नये म्हणून स्प्रिंगच्या जोरावर एक छोटी दांडी तिच्या पट्टीला सतत रेटत असते. तोच टेन्शनर. चेन झिजत जाते तशी ही दांडी बाहेर येत जाते. ऑफिसात नसतो का एक जण, बाकीच्यांची ढिलाई निमूट भरून काढणारा? आणि बोलणीही त्यालाच बसतात!

दुर्लक्ष केलं तर चेन एखादा दात घसरते आणि व्हॉल्व्ह उघडायच्या वेळा चुकतात. जास्त घसरली, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. मग शेकड्यातला खर्च थेट हजारांत.

तिसरा टेन्शनर टाकून बाराच दिवस झाले होते आणि मी निघालो होतो शिरपूर जैनला. वाशीम जिल्ह्यातलं हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांचं. इथली मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा. श्वेतांबर-दिगंबर वादात १९८१ पासून कुलूपबंद असलेलं मंदिर सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडलं, तेव्हापासून बघायचं होतं. समृद्धी महामार्गावर टू-व्हीलरला बंदी, त्यामुळे सिंदखेडराजा, मेहकर असा जुना रस्ता. मेहकर मागे पडलं आणि... खडखड!

कशीबशी गाडी शिरपुरात आणली. ज्या मिस्त्रीकाकांकडे गेलो, त्यांची उमेदवारी राजदूत आणि येझदीवर झालेली. त्या टू-स्ट्रोक गाड्या. ना व्हॉल्व्ह, ना कॅम, ना टायमिंग चेन! म्हटलं, यांना काय कळणार? मीच ऐटीत सांगून टाकलं, ‘‘काका, टेन्शनर गेलाय. नवा टाका.’’

‘‘किती खेपा बदलला भाऊ?’’

‘‘तीनदा.’’

‘‘पाच महिने, मंग दोन, आता बारा दिवस? मंग बिमारी टेन्शनरची नाही. चेन पायली का कोनं?’’

कुणीच पाहिली नव्हती.

काकांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरसारखं! मग इंजिन गार होऊ दिलं (तोवर दोन चहा). टॅपेट कव्हर उघडलं, मॅग्नेटवरची खूण जागेवर आणली. अशा वेळी वर कॅमच्या चक्रावरची खूणही बरोबर जागेवर हवी. ती किंचित मागे होती. पूर्ण एक दात मागे असती, तर बसवणाऱ्याची चूक किंवा चेन घसरलेली. ही दाताहून कमी, म्हणजे चेनच लांबलेली.

त्यानंतर टेन्शनर काढला. दांडी जवळजवळ शेवटपर्यंत बाहेर आलेली. ‘‘पाहा, पयल्याच दिवशी म्हातारा!’’

चेन रबरासारखी ताणली जात नाही, तिच्या पिना झिजतात. शंभर कड्या धरा. प्रत्येकीत ०.०२ मिलिमीटर झीज झाली, तरी एकूण २ मिलिमीटर. नव्या टेन्शनरची ताजी स्प्रिंग थोडे दिवस ते झाकते, इतकंच.

चेन एवढी का झिजली? काकांनी ऑइल काढलं. कमी, आणि काळंकुट्ट. ‘‘कधी बदललं होतं?’’ आता काय सांगणार? दर शनिवारी ‘नेक्स्ट वीकेंड’ चालू होतं. याच पिनांना ऑइल लागतं आणि घाण ऑइल त्यांना घासून काढतं. दुसरा प्रश्न आणखी अवघड होता, ‘‘चढावर गाडी गेअरमधी लावता का?’’ आमच्या सोसायटीचं पार्किंग उतारावरच आहे! तशी लावलेली गाडी मागे सरकली की इंजिन उलटं फिरतं आणि चेनचा ताण ढिल्या बाजूला, थेट टेन्शनरवर येतो. गॅरेजवाल्याला वर्षभर शिव्या घातल्या होत्या. त्यानं चेन बघायला हवी होती हे खरंच, पण अर्धा वाटा माझाही निघाला.

चेन आणि गाइड पट्ट्या दुसऱ्या दिवशी वाशीमहून आल्या, तोवर माझं दर्शन निवांत झालं. काकांनी टेन्शनर मात्र बदललाच नाही. बारा दिवसांचा तोच, स्क्रू ड्रायव्हरनं दांडी आत फिरवून पुन्हा बसवला. त्यावर आता ११,००० किलोमीटर झालेत.

पुण्यात आल्यावर ड्रॉवरमधले जुने टेन्शनर काढले. पहिला, गाडीबरोबर आलेला, खरोखर थकला होता. बाकीच्या दोघांची दांडी आत फिरवून सोडली. खट्! दोन्ही एकदम ठणठणीत होते.