दुकानाच्या नावात जोश हवाय? मग अक्षर नुसतं तिरकं करू नका!



समजा, तुम्ही नाशिकला कॉलेज रोडवर ज्यूस सेंटर किंवा सातपूरला जिम सुरू करताय. फ्लेक्सवाल्याला सांगता, "दादा, नाव एकदम जोशात दिसलं पाहिजे." तो कोरलमध्ये अक्षर जाड करतो, दोन्ही बाजूंनी दाबतो, उजवीकडे तिरकं करतो. स्क्रीनवर भारी दिसतं. पण बोर्ड लागल्यावर समोरून बाईकवर जाणाऱ्याला नावच वाचता येत नाही. बोर्डाचे पैसे गेले, गिऱ्हाईकही पुढे गेलं.

कल्पना चुकीची नव्हती बरं का. जाड, अरुंद, तिरकं अक्षर वेग दाखवतं, म्हणून खेळ आणि गाड्यांच्या ब्रँडिंगमध्ये ते सारखं दिसतं. अरुंद असल्यामुळे छोट्या बोर्डावरही नाव उंच बसतं. चूक झाली ती पद्धतीत.

इंग्रजी फॉन्टमध्ये इटॅलिक बहुतेक वेळा वेगळं रेखाटलेलं असतं. बहुतेक मराठी फॉन्टना इटॅलिक नसतंच. बटण दाबलं की सॉफ्टवेअर अक्षर नुसतं कलवतं. मग रफार पुढच्या अक्षराचा वाटतो, उकार मागे सरकतो. अक्षर दाबलं की काना बारीक होतो आणि शिरोरेषा जाडच राहते. वरून बोल्ड केलं की 'क्ष', 'द्ध' मधल्या फटी बुजतात.

"मग इंग्रजीतच मोठं नाव टाकू," असं म्हणाल, तर थांबा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात छोट्या दुकानांनाही देवनागरीत मराठी नाव लावावं लागतं, आणि ते इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. म्हणजे मराठी अक्षरच नीट करायला हवं.

चला तर मग, काय करायचं ते बघा:

१. मुळातच अरुंद रेखाटलेला फॉन्ट घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीचे 'टेको' आणि 'खंड', किंवा मुंबईच्या एक टाइपचा 'अनेक'. तिन्ही गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि धंद्यासाठी वापरता येतात. 'अनेक'मध्ये तर रुंदी आणि जाडी दोन्ही कमी-जास्त करता येतात.

२. कल थोडाच द्या, साधारण ८ ते १० अंश. शिरोरेषा आडवीच राहू द्या. रफार, वेलांटी, उकार डिझायनरकडून हाताने जागेवर बसवून घ्या.

३. तिरकं फक्त नाव. पत्ता, फोन, रेटकार्ड सरळ आणि साध्या अक्षरात. सगळंच पळायला लागलं, तर गिऱ्हाईक वाचणार काय?

४. फ्लेक्स छापण्याआधी नाव एका कागदावर छापा, भिंतीला लावा आणि पंधरा पावलं मागे जा. ज्याला नाव माहीत नाही, अशा माणसाला वाचायला सांगा. तो अडखळला, तर कल कमी करा किंवा अक्षर थोडं रुंद करा.

कागदाला दोन-पाच रुपये लागतात. बोर्ड परत करायचा, तर हजारो. जोश दाखवा, पण आधी नाव वाचता आलं पाहिजे!