विद्यापीठाची बाजू कोण मांडणार? अलास्कातल्या ४६ दिवसांचा धडा

सार्वजनिक विद्यापीठं सरकारी पैशावर चालतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. पण तो पैसा दरवर्षी मागावा लागतो, आणि तो मागायला कुणाला तरी विधिमंडळाच्या दारात उभं राहावं लागतं, याचा विचार आपण फारसा करत नाही. आज आपण त्या मागण्याबद्दल बोलणार आहोत. अमेरिकेत याला शासन-संपर्काचं काम म्हणतात, आणि जवळजवळ प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र कार्यालय असतं.

हे काम कसं चालतं आणि कुठे कमी पडतं, हे समजून घ्यायला आम्ही एक उदाहरण निवडलं आहे. राज्य अलास्का, वर्ष २०१९. त्या उन्हाळ्यात तिथल्या राज्य विद्यापीठाचं अनुदान एका सहीने सुमारे ४१ टक्क्यांनी खाली आलं. ४६ दिवसांनी त्याच राज्यपालांनी विद्यापीठाबरोबर वेगळ्याच करारावर सही केली. मधल्या दिवसांत काय झालं, ते नीट पाहिलं की हा सगळा विषय उलगडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत उच्च शिक्षणाची मुख्य जबाबदारी राज्यांची. केंद्र सरकार विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या आणि कर्जं देतं, संशोधनाला पैसा देतं. पण विद्यापीठाचा रोजचा गाडा, म्हणजे पगार, इमारती, वीज, हा राज्याचं अनुदान आणि विद्यार्थ्यांची फी या दोन चाकांवर चालतो. राज्याने हात आखडता घेतला की फी वाढते. दुसरी गोष्ट अशी की राज्याच्या अंदाजपत्रकात तुरुंग, शाळा, आरोग्यसेवा यांचा खर्च टाळता येत नाही. विद्यापीठाबद्दल मात्र आमदार म्हणू शकतात, की यांना फी वाढवता येते, देणग्या मिळवता येतात, यांचं भागेल. त्यामुळे मंदी आली की कात्री आधी इथे लागते.

मग शासन-संपर्क कार्यालय काय करतं? अंदाजपत्रकाच्या आधी मागणीचा आकडा ठरवतं. समित्यांपुढे कुलगुरूंना, प्राध्यापकांना, विद्यार्थ्यांना साक्षीसाठी तयार करतं. प्रत्येक आमदाराला त्याच्या मतदारसंघातून किती मुलं शिकतात, किती परिचारिका, किती शिक्षक तिथे काम करतात, याचा एका पानाचा तक्ता देतं. आणि अधिवेशन नसतानाही आमदारांच्या फोनला उत्तर देतं. यातलं शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं. पण आमच्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. का, ते पुढे येईलच.

या कामाला मर्यादाही आहेत. केंद्राच्या अनुदानातला पैसा ते अनुदान मिळवण्यासाठीच्या लॉबिंगवर खर्च करायला १९८९ पासून कायद्याने बंदी आहे. राज्यांचे आपापले नियम वेगळे. म्हणून विद्यापीठाला जे उघडपणे बोलता येत नाही, ते बऱ्याचदा माजी विद्यार्थी, व्यापारी मंडळं आणि गावोगावचे महापौर बोलतात.

आता अलास्काकडे वळू या. क्षेत्रफळाने अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राज्य, लोकसंख्या मात्र साधारण सव्वासात लाख. राजधानी जुनो, तिथे रस्त्याने जाताच येत नाही, विमान किंवा बोट हाच मार्ग. त्यामुळे सामान्य माणूस विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष देतो तो आपल्या गावातल्या विधिमंडळ माहिती केंद्रातून किंवा फोनवरून. विद्यापीठ एकच, त्याची तीन मुख्य केंद्रं: फेअरबँक्स, अँकरेज आणि जुनो. गंमत बघा, अलास्का राज्य झालं १९५९ साली, पण त्याची राज्यघटना १९५५-५६ च्या हिवाळ्यात लिहिली गेली ती फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या आवारात. ५५ प्रतिनिधी तिथे बसले होते. त्यांनी एक कलम लिहिलं: राज्यपालाने खर्चाच्या बाबतीत नकाराधिकार वापरला, तर तो फिरवायला दोन्ही सभागृहांच्या एकत्र बैठकीत तीन चतुर्थांश मतं लागतील. इतर विधेयकांना दोन तृतीयांश पुरतात. हे कलम लक्षात ठेवा.

अलास्काचा पैसा तेलातून येतो. राज्याचा आयकर १९८० मध्ये रद्द झाला, राज्यस्तरावर विक्रीकर नाही. तेलाच्या उत्पन्नातला वाटा साठवायला १९७६ मध्ये कायमस्वरूपी निधी उभारला गेला, आणि १९८२ पासून त्यातून प्रत्येक रहिवाशाला दरवर्षी लाभांश मिळतो. लहान मुलांनाही. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले, तिजोरीत खड्डा पडला, आणि लाभांश पूर्ण द्यायचा की सरकारी सेवा चालवायच्या, हा वाद पेटला. २०१८ मध्ये माइक डनलेव्ही राज्यपाल म्हणून निवडून आले ते पूर्ण लाभांशाचं आश्वासन देऊन. म्हणजे माणशी सुमारे ३,००० डॉलर.

इथे जरा थांबू या. विद्यापीठाची बाजू घेणारे आपण सगळे पटकन म्हणतो, की हे मतांसाठी पैसे वाटणं झालं. पण पाच माणसांच्या घराचा हिशेब करा: वर्षाला १५,००० डॉलर. ज्या खेड्यात इंधन आणि किराणा विमानाने येतो, तिथल्या घराला हा पैसा म्हणजे हिवाळ्याची बेगमी. तो मागणारा माणूस शिक्षणाचा शत्रू नाही. एकाच तिजोरीवर दोन खऱ्या गरजांचा दावा होता. ज्या वकिलीला हे दिसत नाही, तिचं म्हणणं त्या घरात कुणी ऐकून घेत नाही.

घटनाक्रम असा. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यपालांनी मांडलेल्या अंदाजपत्रकात विद्यापीठाला मोठी कपात होती. त्यांच्या बाजूचा युक्तिवाद असा, की विद्यार्थीसंख्या घटते आहे आणि दर विद्यार्थ्यामागचा खर्च इतर राज्यांपेक्षा फार जास्त आहे. विद्यापीठाने वसंतभर आपली बाजू मांडली, आणि विधिमंडळाने फक्त ५० लाख डॉलर कमी केले. शासन-संपर्काचं काम फत्ते झालं, असंच कुणालाही वाटलं असतं. पण २८ जूनला राज्यपालांनी नकाराधिकार वापरून आणखी १३ कोटी डॉलर कापले. राज्याचं आधीचं अनुदान होतं सुमारे ३२ कोटी ७० लाख. नवं आर्थिक वर्ष सुरू व्हायला उरले होते तीन दिवस.

आता ते कलम आठवा. एकूण आमदार ६०, म्हणजे नकाराधिकार फिरवायला ४५ मतं हवीत. १० जुलैला जुनोत मतदान झालं: ३७ बाजूने, १ विरोधात. आपल्याला वाटेल, प्रचंड विजय! पण २२ आमदार गैरहजर होते, आणि त्यातले बरेचसे तिथून शेकडो किलोमीटरवर वासिला या गावी बसले होते, कारण राज्यपालांनी विशेष अधिवेशन तिथे बोलावलं होतं. विधिमंडळ दोन गावांत फाटलं होतं. आठ मतं कमी पडली.

या आकड्यातून पहिली गोष्ट कळते. विद्यापीठाच्या बाजूने बहुमत होतं, पण बहुमत पुरेसं नव्हतं. वकिली करणाऱ्याने ‘किती लोक आपल्या बाजूने आहेत’ एवढंच मोजून चालत नाही. ‘आपल्याला शेवटी कुठली मतं लागतील’ हे आधी मोजावं लागतं. ती मतं नेहमी आपल्या न-मित्रांकडे असतात. विद्यापीठाच्या गावातला आमदार तर आपलाच आहे. ज्याच्या मतदारसंघात विद्यापीठाची एकही इमारत नाही, त्याला शांत वर्षांत कुणी भेटायला गेलं होतं का? कंटाळवाण्या फोनचं महत्त्व ते हेच.

पुढचे दिवस कठीण गेले. मूडीज या संस्थेने विद्यापीठाचं पतमानांकन एका झटक्यात तीन पायऱ्यांनी खाली आणलं. हजारो विद्यार्थ्यांची राज्य शिष्यवृत्ती अंदाजपत्रकाच्या तिढ्यात अडकली. २२ जुलैला विद्यापीठाच्या रीजंट मंडळाने १० विरुद्ध १ मतांनी आर्थिक आणीबाणी जाहीर केली. आर्थिक आणीबाणी म्हणजे काय, तर कायम नोकरीतल्या प्राध्यापकांनाही काढण्याचा मार्ग मोकळा करणं. हे रीजंट कोण नेमतं? राज्यपालच, विधिमंडळाच्या मान्यतेने. म्हणजे नेमणूक करणाऱ्याच्या निर्णयाचे परिणाम जाहीरपणे सांगण्याची वेळ त्यांच्यावर आली.

मग वारा फिरला कसा? एकच कारण सांगणं धाडसाचं होईल, पण तीन गोष्टी ठळक दिसतात.

एक, विद्यापीठ एकटं नव्हतं. त्या दिवशी एकूण ४४ कोटी ४० लाख डॉलरची कात्री चालली होती. वृद्धांचं साहाय्य, बेघरांसाठीच्या सोयी, लहान मुलांचं शिक्षण, आरोग्य, सगळ्यांवर. ही सगळी माणसं एकाच वेळी बोलू लागली. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यपालांना परत बोलावण्यासाठी सह्यांची मोहीमही सुरू झाली.

दोन, विद्यापीठाचं काम लोकांनी नुकतंच अनुभवलं होतं. ३० नोव्हेंबर २०१८ ला अँकरेजला ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्या हादऱ्यांची नोंद ठेवणारं राज्याचं भूकंप केंद्र फेअरबँक्सच्या विद्यापीठातच आहे. ‘ज्ञानाची महती’ सांगून जे साधत नाही, ते असं एखादं उदाहरण साधून जातं.

तीन, वाटाघाटीचं दार उघडं राहिलं. विधिमंडळाने जुलैअखेर नवं विधेयक मंजूर करून विद्यापीठाचे ११ कोटी डॉलर परत घातले. पण त्यावरही राज्यपालांची कात्री चालू शकत होती. म्हणून रीजंट मंडळ राज्यपालांशी थेट बोललं, आणि १३ ऑगस्टला करार झाला: १३ कोटींची कपात एका वर्षात करण्याऐवजी ७ कोटींची कपात तीन वर्षांत, पहिल्या वर्षी अडीच कोटी. आठवड्याभरात आर्थिक आणीबाणी मागे घेतली गेली. लाभांशही पूर्ण निघाला नाही. माणशी सुमारे १,६०० डॉलर मिळाले. दोन्ही दावेदार अर्धवट हाताने परतले.

याला जिंकणं म्हणायचं का? आमचं मत विचाराल तर अर्धंच. जून २०२० मध्ये रीजंट मंडळाने जवळपास चाळीस अभ्यासक्रम बंद किंवा कमी करण्यावर शिक्कामोर्तब केलं. अँकरेजचा समाजशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम त्यात गेला. आणि ज्या विद्यार्थ्याला जुलैमध्ये कळलं की शिष्यवृत्ती येईल की नाही सांगता येत नाही, त्याने दुसऱ्या राज्यात प्रवेश घेतला असेल, तर ऑगस्टच्या कराराने तो परत येत नाही. विश्वासाचं नुकसान ताळेबंदात दिसत नाही.

आता आपल्याकडे पाहू, कारण हा प्रश्न तुमच्या मनात आला असणारच. आपल्या घटनेच्या १७१व्या अनुच्छेदाने विधान परिषदेत पदवीधर आणि शिक्षक यांना प्रत्येकी एक बारांश जागा दिल्या आहेत. महाराष्ट्राच्या ७८ जणांच्या परिषदेत सात आमदार पदवीधरांचे, सात शिक्षकांचे. अमेरिकेतल्या विद्यापीठांना जे दार ठोठावून मिळवावं लागतं, त्याची एक खुर्ची आपल्याकडे घटनेनेच मांडून ठेवली आहे. पण मंडळी, पदवीधर म्हणून मतदारयादीत नाव घालायला वेगळा अर्ज करावा लागतो. तो आपल्यापैकी किती जणांनी केला आहे? गेल्या निवडणुकीत आपल्या पदवीधर आमदाराला आपण आपल्या विद्यापीठाबद्दल एक तरी नेमका प्रश्न विचारला का? किती पदं रिकामी आहेत, प्रयोगशाळेला किती पैसा मिळाला, असा?

अलास्काच्या त्या ३७ विरुद्ध १ मतदानाकडे पुन्हा एकदा पाहा. सभागृहात जे हजर होते, त्यांना पटवायची गरजच उरली नव्हती. निकाल लावला तो बावीस रिकाम्या खुर्च्यांनी. तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एवढीच विनंती, की आपल्या गावातल्या महाविद्यालयाचा विचार करताना ‘आपल्या बाजूने कोण आहे’ याच्या शेजारी ‘कोण हजर नाही’ हीही यादी करा. पहिली भेट त्या दुसऱ्या यादीतल्या माणसाची घ्या, आणि ती संकट येण्याआधी घ्या.

आता प्रश्न घेऊ या.