कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती

'''कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती''' (जेआरएफ) ही भारतातील विद्यापीठांत पीएच.डी.साठी संशोधन करणाऱ्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाकडून मिळणारी आर्थिक मदत आहे. तिच्यासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षेत (नेट) यश मिळवावे लागते.

== पात्रता ==
पदव्युत्तर पदवीच्या आधारे अर्ज करणाऱ्या उमेदवाराने त्या परीक्षेत किमान ५५ टक्के गुण मिळवलेले असावेत. राखीव प्रवर्गांसाठी ही अट ५० टक्के आहे. सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षे असून महिला व राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत मिळते. २०१८च्या डिसेंबरपासून ही परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था घेते. विज्ञान विषयांची परीक्षा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेसह संयुक्तपणे होते.

== स्वरूप ==
पहिली दोन वर्षे कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळते. प्रगतीचे मूल्यमापन समाधानकारक ठरल्यास पुढे वरिष्ठ अधिछात्रवृत्ती दिली जाते. एकूण मुदत ५ वर्षांची असते. १ जानेवारी २०२३पासून त्यांची मासिक रक्कम अनुक्रमे ३७,००० व ४२,००० रुपये आहे. याखेरीज घरभाडे भत्ता आणि पुस्तके, प्रवास इत्यादींकरिता वार्षिक आकस्मिक अनुदान मिळते.

== महत्त्व ==
अनेक संशोधकांसाठी ही रक्कम उपजीविकेचे एकमेव साधन असते. ती न मिळाल्यास तासिका तत्त्वावर अध्यापन करीत संशोधन चालवावे लागते आणि प्रबंध लांबतो. हप्ते रखडल्यास क्षेत्रकार्य व अभिलेखागारांतील कामही खोळंबते.

== महाराष्ट्रातील पर्याय ==
महाराष्ट्रात बार्टी अनुसूचित जातींच्या, सारथी मराठा व कुणबी समाजाच्या, तर महाज्योती इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गाच्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देते.