राशिवाचक शब्दरचनेचे अध्यापन : इंग्रजी व्याकरण आणि गणित यांचा समन्वय
(नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्रात सन 2000 पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय शिकविला जात आहे. तरीही नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील ग्रामीण भागातून मराठी माध्यमात दहावी उत्तीर्ण होऊन येणारा विद्यार्थी अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश घेतो, तेव्हा गणिताची भाषा त्याच्यासाठी एकाएकी बदलते. बेरीज, वजाबाकी, गुणोत्तर या संकल्पना त्याला अवगत असतात. परंतु त्या ज्या इंग्रजी वाक्यातून येतात त्या वाक्याची रचना त्याला उलगडत नाही. परिणामी उत्तर चुकते आणि 'विद्यार्थी गणितात कच्चा आहे' असा शेरा बसतो. हा शेरा पुष्कळदा अन्यायकारक असतो. वस्तुतः राशी व्यक्त करणारी वाक्यरचना हा इंग्रजी व्याकरण आणि गणित या दोन्ही विषयांचा समाईक घटक आहे; तो दोन्ही विभाग परस्परांवर सोडून देतात. विद्यार्थ्याच्या मराठीचा आधार घेऊन हा घटक कसा शिकविता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

1. संख्यानामांची घडण

मराठीत 'सत्तावीस' म्हणताना एकक आधी व दशक नंतर उच्चारला जातो. इंग्रजीत 'ट्वेंटी-सेव्हन' म्हणताना दशक आधी येतो. लेखनात मात्र दोन्हीकडे 27 असाच क्रम असतो. म्हणून ऐकून आकडा लिहिताना 27 च्या जागी 72 लिहिण्याची चूक संभवते. शिवाय 'एकोणतीस' हा शब्द तिसातून एक वजा करून बनलेला आहे; इंग्रजी 'ट्वेंटी-नाइन' मध्ये अशी वजाबाकी नाही. सन 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असे वाचन सुचविण्यात आले, तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादाच्या मुळाशी हाच क्रमाचा प्रश्न होता.

आपल्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांत तेलुगू घरची भाषा असलेली, तर उदगीर, देवणी, निलंगा भागात कन्नड बोलणारी मुले वर्गात असतात. तेलुगूत 21 ला 'इरवै ओकटि' व कन्नडमध्ये 'इप्पत्तोंदु' म्हणतात. म्हणजे तेथे इंग्रजीप्रमाणेच दशक आधी येतो. अशा विद्यार्थ्याच्या घरच्या भाषेचा वर्गात उल्लेख झाला, तर इंग्रजीचा क्रम सर्वांनाच परका वाटेनासा होतो.

अपूर्णांकांच्या बाबतीत मराठी अधिक समृद्ध आहे. सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे हे शब्द बाजारात, घरात रोज वापरले जातात. 'सव्वाशे' म्हणजे 125, 'पावणेतीनशे' म्हणजे 275 आणि 'सव्वादोन हजार' म्हणजे 2,250. इंग्रजीत यासाठी स्वतंत्र शब्द नसल्याने विद्यार्थ्याला प्रथम अंकात रूपांतर करून मगच वाचन करावे लागते. हे रूपांतर म्हणजेच गणित होय. ते स्वाध्याय म्हणून अवश्य द्यावे.

लाख-कोटी आणि मिलियन यांच्यातील रूपांतरही असेच आहे. 2011 च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या 33,61,292 आणि लातूर जिल्ह्याची 24,54,196 होती. आंतरराष्ट्रीय पद्धतीत स्वल्पविराम बदलून याच संख्या 3,361,292 व 2,454,196 अशा लिहिल्या जातात आणि अनुक्रमे सुमारे 3.36 व 2.45 मिलियन अशा वाचल्या जातात. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एवढे एक सूत्र पक्के असले की पुरे.

2. मोजण्याच्या व मापण्याच्या राशी

मराठीत 'किती विद्यार्थी?' आणि 'किती पाणी?' या दोन्ही प्रश्नांत 'किती' हा एकच शब्द चालतो. इंग्रजीत मोजता येणाऱ्या नामासाठी 'हाऊ मेनी' व न मोजता येणाऱ्या नामासाठी 'हाऊ मच' असा भेद करावा लागतो. हा भेद गणितातील पृथक् व अखंड राशींच्या भेदाशी बहुतांशी जुळतो, हे इंग्रजीच्या तासाला सहसा सांगितले जात नाही.

लातूरच्या विद्यार्थ्याला यासाठी परके उदाहरण शोधण्याची गरज नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणण्यात आले. पहिल्या गाडीच्या 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. पुढे 50 वाघिणींच्या गाडीने सुमारे 25 लाख लिटर पाणी येऊ लागले. येथे पाणी विचारताना 'हाऊ मच वॉटर', वाघिणी विचारताना 'हाऊ मेनी वॅगन्स' आणि एकक विचारताना 'हाऊ मेनी लिटर्स' असे म्हणावे लागते. पाणी मोजता येत नाही, पण लिटर मोजता येतात. एककाचे कार्य नेमके हेच आहे. याच उदाहरणावरून एका वाघिणीतील पाणी, दोन गाड्यांचे गुणोत्तर आणि 25 लाखांचे 2.5 मिलियनमध्ये रूपांतर असे तीन प्रश्न तयार होतात.

मराठीत 'पाच किलो साखर' म्हणताना मध्ये संबंधदर्शक शब्द लागत नाही; म्हणून विद्यार्थी 'फाइव्ह किलो शुगर' असे लिहितो. एककाचे अनेकवचन व त्यानंतरचा 'ऑफ' यांचा सराव स्वतंत्रपणे घ्यावा. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांतील भेद मराठीच्या 'च' या अव्ययाने सहज स्पष्ट होतो : पहिल्याचा अर्थ 'थोडेच', दुसऱ्याचा 'थोडे, काही'.

3. तुलना : वाक्यातील क्रम आणि चिन्हांचा क्रम

सर्वाधिक चुका येथे होतात. 'फाइव्ह लेस दॅन एक्स' हा शब्दसमूह डावीकडून उजवीकडे जसाच्या तसा उतरविल्यास 5 − क्ष मिळते. योग्य उत्तर क्ष − 5 आहे. त्यात केवळ 'इज' मिसळून 'फाइव्ह इज लेस दॅन एक्स' झाले की वजाबाकी नाहीशी होऊन 5 < क्ष ही असमानता उभी राहते. एका क्रियापदाने संपूर्ण गणित बदलते.

मराठीत हीच गोष्ट 'क्षपेक्षा पाचने कमी' अशी सांगतात. क्ष आधी, पाच नंतर आणि क्रिया शेवटी; क्ष − 5 चा क्रम येथे आपोआप मिळतो. 'ने' हा प्रत्यय फरक दाखवितो. तो नसलेले 'पाच हे क्षपेक्षा कमी आहे' हे वाक्य असमानता सांगते. 'बारातून पाच वजा करा' आणि इंग्रजीतील 'सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह' यांतही तेच दिसते. 'पाचपैकी तीन' आणि 'थ्री आउट ऑफ फाइव्ह' यांत छेद व अंश यांचा क्रम परस्परविरुद्ध आहे. तात्पर्य, अशा ठिकाणी मराठी हा अडथळा नसून इंग्रजी वाक्य उलगडण्याचे साधन आहे.

ही अडचण केवळ आपल्याच विद्यार्थ्यांची आहे असे नाही. क्लेमेंट, लॉकहेड व मंक यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात 'विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत' या आशयाचे इंग्रजी वाक्य समीकरणात मांडताना अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थी चुकले. त्यांनी वि = 6प्रा ऐवजी 6वि = प्रा असे लिहिले. मराठीत 'विद्यार्थ्यांची संख्या ही प्राध्यापकांच्या संख्येच्या सहापट आहे' असे पूर्ण वाक्य लिहून घेतल्यास अक्षर हे व्यक्तीचे नव्हे, तर संख्येचे चिन्ह आहे, हे स्पष्ट होते.

'इंटू' या शब्दाचाही खुलासा आवश्यक आहे. आपल्या वर्गांत 'फोर इंटू फाइव्ह' म्हणजे गुणाकार. परदेशी पुस्तकांत मात्र 'फोर इंटू ट्वेंटी' म्हणजे विसाला चारने भागणे.

4. मर्यादा व बदल

'ॲट लीस्ट' म्हणजे किमान (≥), 'ॲट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त (≤) आणि 'मोअर दॅन' म्हणजे पेक्षा अधिक (>). यांसाठी उपस्थितीचा नियम हे उत्तम उदाहरण आहे. 75 टक्के उपस्थितीची अट असेल, तर 60 तासिकांपैकी किमान 45 हव्यात; नेमक्या 45 भरल्या तरी अट पूर्ण होते. 'मोअर दॅन 45' असे लिहिल्यास तोच विद्यार्थी अपात्र ठरेल.

'बाय' आणि 'टू' यांतील भेदही असाच महत्त्वाचा आहे. सोयाबीनचा भाव क्विंटलला 4,000 रुपये आहे असे समजू. तो 'बाय 500' वाढला तर 4,500 होतो. मराठीत आपण '500 रुपयांनी वाढला' आणि '4,500 रुपयांपर्यंत वाढला' असा भेद विनासायास करतो. 'नी' म्हणजे 'बाय' आणि 'पर्यंत' म्हणजे 'टू', ही जोडी फळ्यावर लिहून द्यावी.

5. वर्गातील उपयोजन

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांत पुढील उपाय फारशा खर्चाविना योजता येतील.

(अ) निदान : एकच उदाहरण प्रथम इंग्रजीत व काही दिवसांनी आकडे बदलून मराठीत द्यावे. मराठीत सुटले व इंग्रजीत अडले, तर उणीव मुख्यतः भाषेची आहे. दोन्हीकडे अडल्यास संकल्पना पुन्हा शिकवावी.

(आ) तीन ओळींची वही : पहिल्या ओळीत इंग्रजी वाक्य, दुसरीत त्याचे मराठी रूप, तिसरीत चिन्हांकित मांडणी. शेवटी लहान संख्या घालून पडताळा घ्यावा. उदा., क्ष = 12 धरल्यास 'पाचने कमी' म्हणजे 7 येते का?

(इ) संयुक्त तासिका : सत्राच्या प्रारंभी इंग्रजी व गणिताच्या प्राध्यापकांनी काही तासिका एकत्र घ्याव्यात. एकाने वाक्याची रचना सांगावी, दुसऱ्याने तिची चिन्हांत मांडणी करावी.

(ई) मूल्यमापन : शाब्दिक उदाहरणात मांडणीला आणि आकडेमोडीला स्वतंत्र गुण ठेवावेत, म्हणजे चूक कोठे झाली हे विद्यार्थ्यासही कळेल.

निष्कर्ष

राशी व्यक्त करणे हे केवळ व्याकरण नाही आणि केवळ गणितही नाही. 'लेस', 'बाय', 'ॲट लीस्ट' यांसारख्या लहान शब्दांवर उत्तराची दिशा अवलंबून असते. पेक्षा, ने, पैकी, पट, पर्यंत हे मराठी शब्द तोच अर्थ अचूकपणे आणि बहुतेक ठिकाणी चिन्हांच्याच क्रमाने सांगतात. गणिताच्या वर्गातून मराठीला वगळण्याऐवजी तिचा पायरी म्हणून उपयोग केल्यास इंग्रजी अधिक पक्की होते आणि ग्रामीण विद्यार्थ्याच्या गणिती क्षमतेचे मोजमापही न्याय्य होते. त्यासाठी इंग्रजी आणि गणित या दोन विभागांनी एकत्र बसणे ही पहिली आवश्यकता आहे.