रॉकेलातले दुर्वास

आमच्या जळगावच्या महाविद्यालयात मराठीच्या खोलीशेजारीच रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आहे. त्यामुळे शृंगार-वीर शिकवता शिकवता मला भयानक रसाचाही आयता लाभ होतो.

"या सर, आमचे दुर्वास पाहा," असे म्हणून तिथल्या प्राध्यापकांनी एकदा मला रॉकेलात बुडवून ठेवलेला सोडियम दाखवला. पाणी लागले की हे महाशय भडकतात.

"यांच्याहून तापट कुणी?"

"क्लोरिन ट्रायफ्लोराइड! पाणी ओतले तर स्फोट, वाळू टाकली तर वाळूच पेटते."

"मग उपाय?"

"पाय!"

हा विनोद तसा जुनाच. रॉकेटच्या इंधनावर काम केलेले अमेरिकन रसायनज्ञ जॉन क्लार्क यांनी १९७२ सालच्या आपल्या पुस्तकात याच रसायनावर पळण्याचे बूट सुचवले आहेत.

मीही पोटभर हसलो होतो. पण ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूरजवळ वाघाडीच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला आणि किमान बारा माणसे दगावली. त्यानंतर मी त्यांना जरा रागानेच विचारले, "आता सुचतो का विनोद?"

ते गंभीर झाले. "सर, आम्ही हसतो ते हात जपून चालावा म्हणून. पिंपात काय आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच हसता येते. ज्याला ठाऊक नाही, त्याला पळायचे कधी हेही कळत नाही." मग म्हणाले, "बाटल्यांवरची नावे इंग्रजीत आहेत. आमच्या शिपायासाठी मराठीत लिहून द्याल?"

मी लिहिले : 'याला पाणी लावू नये.'

आजवर पुष्कळ लिहिले. पण इतके जपून एकही वाक्य लिहिले नव्हते.