शेतजमिनीचा भाव : ऐकीव की मोजलेला?

चार पैसे गाठीला जमले की नाशिक-मालेगावकडील आपले व्यापारी व कारागीर बंधू जमिनीकडे वळतात. व्याजापासून दूर राहण्याचा हा चांगला मार्ग आहे. मात्र दलालाने सांगितलेला भाव खरा मानून बयाणा देऊन टाकणे आम्हाला धोक्याचे वाटते.

एकाच जिल्ह्यात भावात एवढा फरक का? पहिले कारण पाणी. इगतपुरी, पेठ, सुरगाण्यात पाऊस भरपूर पडतो. पण भाव ठरतो तो उन्हाळ्यात विहिरीला किंवा कालव्याला पाणी टिकते का यावर. म्हणूनच निफाडची द्राक्षाची बागायत आणि कोरडवाहू जिरायत यांची तुलना होत नाही. दुसरे कारण रस्ता. समृद्धी महामार्ग सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतून जातो. अशा रस्त्याच्या नुसत्या चर्चेनेही भाव चढतात. तिसरे कारण कायदा. वर्ग २ ची किंवा आदिवासी खातेदाराची जमीन स्वस्त मिळते, कारण सरकारी परवानगीशिवाय तिचा व्यवहार टिकत नाही.

आता मोजमाप. बाजारात भाव एकराने बोलतात, सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. एकर म्हणजे 40 गुंठे, म्हणजेच 40.47 आर. 'एकर' म्हणून 40 आर घेतले तर सुमारे 500 चौरस फूट, जवळजवळ अर्धा गुंठा कमी मिळतो. पोटखराबा किती, तेही पाहावे.

सरकारी रेडी रेकनर हा बाजारभाव नव्हे. मुद्रांक शुल्क मात्र त्यातील दर व करारातील रक्कम यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. खरा अंदाज हवा असल्यास शेजारच्या गावांतील तशाच जमिनींची गेल्या तीन वर्षांची खरेदीखते, म्हणजे सूची क्रमांक 2 चे उतारे, काढावेत. 2013 च्या भूसंपादन कायद्यातही तीन वर्षांचीच खते पाहतात. त्यांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी धरतात.

सर्वांत महत्त्वाचे : 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 नुसार, परवानगीशिवाय बिगर शेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्याच्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा नाही, त्याने स्वस्त गुंठ्यांच्या मोहात पडू नये. नोटरीच्या कागदावर मालकी येत नाही; कष्टाची कमाई मात्र अडकून पडते.

भाव नीट कळणे दीनच्या दृष्टीनेही गरजेचे आहे. विकून नफा कमावण्याच्या नियतीने घेतलेली जमीन हा तिजारतीचा माल ठरतो. तिची जकात खरेदीच्या नव्हे, चालू बाजारभावावर अडीच टक्के निघते. कसायला घेतलेल्या जमिनीची जकात तिच्या किमतीवर नसते; पिकावर उश्र असतो. पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, खर्चाने पाणी दिलेल्या पिकाचा विसावा.

तेव्हा आधी सातबारा, फेरफार व मोजणी नकाशा पाहा, मग भाव बोला. बयाणा सर्वांत शेवटी.